भरतीवर आलेलं गेमचं कपाट

ते मशीन आमच्या घरी होडीतून आलं, असं मी सांगते तेव्हा माझ्या सुनेला वाटतं, सासूबाई रंगवून सांगतायत. रंगवून कशाला सांगू? ज्या खाडीतून ते आलं त्या खाडीत आज नुसता चिखल आणि प्लास्टिक आहे, हे मलाही दिसतं. पण तेव्हा भरतीचं पाणी पनवेलच्या कोळीवाड्यात धक्क्याला लागायचं, होड्या थेट आमच्या अंगणाखाली येऊन टेकायच्या. तशाच एका भरतीवर माझा भाऊ मोरेश्वर आणि त्याचा मित्र नजीर एक उभं कपाट होडीत आडवं घालून घेऊन आले. ताडपत्रीत गुंडाळलेलं, सुंभाने आवळलेलं. लांबून आईला वाटलं, कुणाचं मढं आणलं की काय. ती तशीच धक्क्यावर धावली, आणि दादाला धडधाकट उभा बघून आधी रडली, मग तिने त्याला शिव्या घातल्या.

“काकी, घाबरू नको गो,” नजीर म्हणाला. “गेम हाय. टीवीचा गेम. जहाजावरचे खलाशी खेलायचे.”

बाबा ओटीवर जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. “जहाजावर खेल खेलत बसतात? मंग जहाज कोन हाकतो?”

नजीर मुंबईला जुनी जहाजं तोडतात तिथे कामाला होता. त्या जहाजांतून काय काय निघायचं! आमच्या बाजूच्या कितीतरी घरांत जहाजाच्या खुर्च्या, जहाजाच्या जाडजूड बशा, पितळी दिवे असायचे. आमच्याच आईकडे एक कढई होती, तिच्यावर न वाचता येणारी अक्षरं होती आणि तिच्यात बोंबील मात्र आपलेच तळले जायचे. त्याच वाटेने हे कपाट आलं. कुठल्या तरी परदेशी जहाजावर खलाशांच्या करमणुकीच्या खोलीत ते उभं होतं. ताडपत्री सोडली तेव्हा आत जे निघालं ते बघून मला तर रडूच आलं असतं. काच मिठाने पांढरी झालेली. बाजूचं चित्र सोलून निघालेलं, त्यात एका चांदणीचा कोपरा तेवढा उरलेला. खालचं प्लायवूड फुगून पानांसारखं सुटलेलं. दांडा होता, पण दांड्याची मूठ नव्हती. पण दादा त्याच्याभोवती असा फिरत होता, जसे बाबा नवी होडी बघताना फिरायचे. हात न लावता, आधी नुसतं डोळ्यांनी.

दादा बाजारातल्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. कोर्स केला होता त्याने. कोळीवाड्यात ज्यांचा ज्यांचा रेडिओ बिघडायचा ते आमच्याकडे यायचे, आणि दादा जेवता जेवता उठून तो सुरू करून द्यायचा. पण बाबांच्या लेखी हे काम नव्हतंच. त्यांच्या जोडीला होडीवर माझे काका असायचे. त्यांची कंबर धरली तेव्हापासून बाबा एकटे पडले होते. आणि आईचं उलटं. तिचा पाठचा भाऊ दर्यात गेला होता. तिने दादाला लहानपणापासून होडीवर चढू दिलं नव्हतं. बाजारात मासळी विकायला बसायची तेव्हा गिऱ्हाइकांना सांगायची, माझा पोरगा विजेचं काम करतो. सांगताना मान अशी ताठ व्हायची तिची.

कपाट आलं त्या संध्याकाळी जेवताना हा विषय निघणारच होता. मला आठवतं, सुक्या जवळ्याचं कालवण होतं आणि तांदळाची भाकरी. बाबा म्हणाले, “होडीला दोन मानसं लागतात. माझ्या एकट्याच्यानं जालं वढवत नाय आता.”

“मंग गडी ठेवा,” आई म्हणाली. “माझा भाऊस खाल्ला त्या दर्यानं. आता पोरगा पन वाढू काय त्याच्या ताटात?”

“तुझा भाऊस दारू पिऊन गेलेला.”

“पिऊन गेला की न पिता गेला, आला नाय ना परत?”

दादाने भाकरीचा तुकडा हातातच धरला होता. तो म्हणाला, “बाबा, हे मशीन मी चालू केलं ना, तर नवीन पनवेलला गाळा बघून ठेवलाय. तिथं नव्या बिल्डिंगी झाल्यात, पोरं संध्याकाळची नुसती फिरत असतात. लाइन लागेल बघा.”

आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात आणि मग नवा हंगाम सुरू होतो. बाबांनी हात धुतला आणि सांगून टाकलं. “पुनवेपर्यंत तुझा ह्यो खेल चालू झाला, तर तू जमिनीवर. मी गडी बघीन. नाय झाला, तर होडीवर. मंग तोंडातून शबुद काढायचा नाय. तूपन नाय आनि तुझे आयेनं पन नाय.”

आई माझ्याकडे बघायला लागली, जणू ते मशीन मीच चालू करणार होते.

तर असा आमचा तो पावसाळा सुरू झाला. मी सातवीनंतर शाळा सोडून घरीच होते. लिहायला-वाचायला पुढे जे शिकले ते मासळी बांधायला आणलेल्या रद्दीतून, त्यामुळे माझं लिहिणं असं आहे, चालवून घ्या. दुपारची भांडी झाली की मी ओटीवर जायची. दादाने कपाट विटांवर उभं केलं होतं आणि मागचं दार उघडलं होतं. आत बघितलं तर वायरींचं जाळंच. लाल, पिवळ्या, निळ्या, सगळ्यांवर धुळीचा थर. वर टीव्हीची मोठी नळी, खाली हिरवी पाटी आणि तिच्यावर काळे काळे किडे बसल्यासारखे पार्ट. दादाने पहिल्या दिवशी मला दम भरला, “रंजू, नळीला हात लावायचा नाय. बंद असली तरी चावते.” मग त्याने वायर बांधलेला स्क्रू ड्रायव्हर नळीच्या टोपीखाली सरकवला, आणि टचकन असा आवाज झाला की आतून आई ओरडली, काय फुटलं रे?

खाऱ्या हवेने सगळं खाल्लं होतं. पाटीच्या कडेला सोन्यासारखे बारीक दात होते, ते हिरवे पडले होते. ते घासायला दादाने माझं शाळेतलं खोडरबर मागितलं. मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच, खोडरबराने एकेक दात घासला की खालून पिवळी चमक यायची. ते काम माझ्याकडे आलं. पाऊस कौलांवर वाजत असायचा, आत आई सुकट निवडत असायची, दादा तोंडात वायरीचा तुकडा धरून काहीतरी जोडत असायचा, आणि मी दात घासायची. माझ्या आयुष्यात पुढे पुष्कळ झालं. लग्न झालं, मुलं झाली, नवीन पनवेलला सेक्टरमध्ये घर झालं. पण सुख कशाला म्हणायचं असं कुणी विचारलं, तर मला ती ओटी आठवते आणि रबराचा वास.

त्या मशीनची वीजसुद्धा वेगळी होती, आपल्या घरच्या विजेने ते जळून गेलं असतं. दादाने दुकानातून एक जड ट्रान्सफॉर्मर आणून मध्ये बसवला. दांड्याला मूठ नव्हती, तर जाळं तरंगतं ठेवणारा एक छोटा गोल बोया घेतला, भोक बुजवलं, आणि तोच वर बसवला. हातात असा छान बसायचा! पैसे टाकायची फट परदेशी नाण्याची होती, ती कानस घेऊन आपल्या नाण्याएवढी केली. राहिला खालचा तळ. फुगलेलं प्लायवूड काढून टाकलं, पण नवीन फळी कुठून आणायची म्हणून दादा दोन-तीन दिवस घुटमळत होता. एका सकाळी उठून बघतो तर कपाटाशेजारी सागाची फळी टेकवून ठेवलेली. तासलेली, मापात कापलेली. होडीच्या दुरुस्तीतली उरलेली. बाबा अंगणात होडीच्या फटी बुजवत होते, आमच्याकडे पाठ करून.

“बाबा, फळी तुम्ही ठेवलीत?”

“मना काय माहीत. उंदरानी आनली असंल.”

पहिल्यांदा मशीन लावलं तेव्हा पडद्यावर नुसता रंगीत कचरा आला. चौकोन, रेघा, उलटीसुलटी अक्षरं. आई म्हणाली, “चांगलं हाय की.” तिला वाटलं हाच खेळ. दादाने बंद केलं, पाटीवरचा एकेक काळा पार्ट अंगठ्याने दाबून दाबून बसवला, परत लावलं. परत कचरा. असं किती वेळा झालं ते मी नाही मोजलं. आणि मग श्रावणातल्या एका दुपारी, मी भाकऱ्या थापत असताना, बाहेरून असं काही संगीत वाजलं! टुईं टुईं टुईं. मी पीठभरल्या हातांनी धावले. काळ्या पडद्यावर खाली एक छोटंसं विमान आणि वरून ओळीने खाली उतरणारे लाल-हिरवे आठ पायांचे कुणीतरी.

“या तर चिंबोऱ्या,” आई म्हणाली.

“आये, ते दुसऱ्या ग्रहावरचे लोक हायत.”

“दुसऱ्या कुठल्या पन असू दे. चिंबोऱ्याच हायत त्या. बघ ना, आडव्या चालतात.”

सगळा कोळीवाडा लोटला. बायका डोक्यावरच्या टोपल्या उतरवून बघत उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, “मोऱ्या, मारून झाल्या की कालवनाला दे.” दादा नुसता हसत होता. मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही बघा ना एकदा.”

बाबा नाही-नाही म्हणत आले. बोयाची मूठ हातात घेतली आणि एकदम थांबले. ओळखली ना त्यांनी. मग खेळायला लागले तेव्हा त्यांचं सगळं अंग हलत होतं. विमान डावीकडे न्यायचं तर स्वतः डावीकडे झुकायचे, वल्हं मारल्यासारखे. चिंबोऱ्यांनी त्यांचं विमान पाडलं तेव्हा बाबांनी त्या मशीनला अशी शिवी हासडली, की बायका तोंडाला पदर लावून पळाल्या. आणि मग बाबा हसले. दात दिसेपर्यंत हसले. माझ्या आईने त्या संध्याकाळी गोडाचे घावन केले. सांगायला नको, काय ठरलं होतं ते सगळ्यांनाच माहीत होतं. दादा आता जमिनीवर राहणार होता. गाळ्याच्या मालकाने पौर्णिमेनंतर किल्ली देतो म्हणून सांगितलं होतं, तोवर मशीन ओटीवरच होतं. बाबांनी करंजा गावच्या एका गड्याशी हंगामाचं बोलणंही सुरू केलं होतं.

आता जे सांगायचं ते नीट सांगायला हवं.

पौर्णिमेच्या आधी आमच्याकडे होडीला तेल लावतात. साधं तेल नाही. मुशीच्या काळजाचं तेल. मुशी म्हणजे ज्याला हल्लीची मुलं शार्क म्हणतात. उग्र वास असतो, पण लाकडाला खारं पाणी लागू देत नाही. माझ्या आजोबांच्या आधीपासून सगळे तेच लावत आलेत. होडीला बाप तेल लावतो म्हणजे नुसती देखभाल नसते ती. होडी आपल्या घरातली झाली, असा त्याचा अर्थ असतो. त्या दिवसांत एकदा मी बाजारात आईला डबा देऊन परत आले, तर ओटीवर बाबा बसले होते, हातात फडकं, शेजारी तेलाचा डबा. कपाटाचं मागचं दार उघडं. आतली बाहेरची सगळी लाकडं त्यांनी तेलाने न्हाऊ घातली होती. फळ्यांवरून तेल ओघळून खाली वायरींवर उतरलं होतं, वायरी चकाकत होत्या.

“लाकूड फुगत व्हतं गो,” ते मला म्हणाले. चेहरा असा खुललेला, जसं काही चोरून खाऊ आणलाय. “दमट हवा हाय. आता बघ, धा पावसालं काय व्हनार नाय त्याला. त्याला सांग, चार दिस हात लावू नको. लाकडाला तेल पिऊ दे.”

दादा संध्याकाळी दुकानातून आला. त्याला उंबऱ्यातच वास आला. तो आत जाऊन बघून आला, बाबांकडे बघितलं. मला वाटलं आता चिडणार. पण तो म्हणाला, “चांगलं केलंत, बाबा.” नुसतं तोंडदेखलं नाही म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. त्याला कळलं होतं की बाबांनी त्याला सोडलं. होडीवरून सोडलं.

ते चार दिवस पाऊस धो धो होता. मशीन ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं. आमच्या घरात सुकी मासळी कधी खाली ठेवत नसत, वाशाला टांगायची, का तर घुशी. धक्क्यावर मांजराएवढ्या घुशी. होडीला तेल लावलं तरी होडी उन्हात, वाऱ्यात, खाऱ्या पाण्यात, तिथे घूस कुठली यायला? पण कपाट घरात होतं, जमिनीवर होतं, आणि अंधारात झाकलेलं होतं. हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं मासळीत काढलेल्या माणसांच्या डोक्यात आलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी दादाने ताडपत्री काढली आणि मागचं दार उघडलं. मी बॅटरी धरून उभी होते. आत वायरींची सालं काढून टाकल्यासारखी दिसत होती. जिथे जिथे तेल ओघळलं होतं तिथे तिथे दातांच्या खुणा. तांब्याच्या तारा उघड्या पडलेल्या, तुटलेल्या. हिरव्या पाटीवर मुताचे डाग, त्याखाली मी घासलेले दात काळे पडलेले, दोन-तीन पार्ट मुळासकट उपटून कुरतडलेले. सागाच्या फळीवरसुद्धा दातांनी ओरबाडल्याच्या रेघा. आणि कोपऱ्यात चिंध्यांचं घरटं, अजून ऊबदार.

दादा उकिडवा बसला. अंगणातून बाबांचा आवाज येत होता, होडीवर नाव रंगवत होते आणि गुणगुणत होते. मी म्हटलं, “दादा, बाबांना सांगू. ते अजून एक महिना देतील. देतीलच. तू परत जोडशील.”

“काय सांगशील?”

“घुशींनी खाल्लं म्हणून.”

“आणि घुशी कशाला आल्या ते?”

बाबांना घुशींच्या दातांच्या खुणा दाखवायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं घूस म्हटलं असतं तरी त्यांना सगळं कळलं असतं. दादाने दार लावलं. एकेक स्क्रू परत बसवला, घट्ट पिळून. “रंजू, ऐक. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला हात लावला. तो हातच वाईट होता असं मी त्यांना सांगू? तू पन नाय सांगायचं. कधीच नाय. आयेला पन नाय. शपथ घे.”

मी शपथ घेतली. आईचीच घेतली.

अंगणात जाऊन तो म्हणाला, “बाबा, मेन पार्ट उडालाय. इथे नाय मिळत तो. मुंबईतपन नाय.” बाबांच्या हातात ब्रश तसाच राहिला. आई बाहेर आली. ती म्हणाली, “अरे मंग बापाशी बोल. मुदत माग. मागून तर बघ.” बाबा वाट बघत होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्याने नुसतं मागितलं असतं तरी त्यांनी दिलं असतं. पण मुदत घेतली म्हणजे मशीन उघडायला लागणार, आणि उघडलं म्हणजे शेजारी येऊन बाबा उभे राहणार, फडकं घेऊन. दादा म्हणाला, “ठरलं ते ठरलं. शबुद काढायचा नाय म्हटलं होतं ना?” आणि हसला. त्याचं ते हसणं आईला कधी समजलं नाही. ती शेवटपर्यंत म्हणायची, पोरानं मुदत का नाय मागितली? तोंड शिवलेलं काय त्याचं?

पौर्णिमेला नारळ दिला, आणि दादा होडीवर चढला.

दर्याचं मला फार सांगवत नाही. थंडी संपत आली होती. उरणच्या पुढे जाळं खाली कशात तरी अडकलं. सोडवायला दादा उतरला. दोरी बाबांच्या हातात होती. एकदा वर आला, श्वास घेऊन परत गेला, आणि मग दोरी नुसती हलकी झाली. एवढंच बाबांनी सांगितलं, आणि तेही एकदाच. आईने हंबरडा फोडला नाही. ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली आणि पाण्याकडे अशी बघत होती, जशी बाजारात दगा दिलेल्या माणसाकडे बघायची.

बाबा त्यानंतर होडीवर गेले नाहीत. होडी विकली. ओटीवर बसून राहायचे, त्या कपाटासमोर. बंद पडद्यात माणूस स्वतःला दिसतो ना, तसे स्वतःलाच बघत. पुढचा पावसाळा लागला तेव्हा एक दिवस ते उठून उभे राहिले. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. मला म्हणाले, “रंजे, मी ह्ये चालू करनार. तो बोललेला ना, पार्ट मिलत नाय? मी मुंबैला जातो. सगल्या गल्ल्या फिरतो. कुठंतरी मिलंलच. आधी आत बघतो, कुठला उडालाय ते.” आणि दादाचाच स्क्रू ड्रायव्हर घेऊन मागे गेले.

स्क्रू गंजले होते, हलेनात. बाबा म्हणाले, “थांब, दुपारी शेजाऱ्याकडनं घासलेट आनतो, सुटतील.” कितीतरी महिन्यांनी त्या माणसाच्या अंगात जीव आला होता. आणि तो जीव आला होता कशासाठी, तर ते दार उघडण्यासाठी. आत सगळं तसंच होतं. दातांच्या खुणा, तेलाचा वास, सगळं. एवढंसं दार उघडलं असतं आणि त्या माणसाला कळलं असतं की मुलाला होडीवर आपणच चढवलं. आपल्या हाताने, तेल लावून.

मी तशीच भिजत नजीरच्या घरी गेले. त्याच्या अम्मीने टॉवेल दिला, तो मी हातातच धरून ठेवला. नजीरला सगळं सांगितलं. शपथ होती आईला आणि बाबांना न सांगण्याची. नजीरबद्दल काही ठरलं नव्हतं, असं मी मनाला समजावलं. तो ऐकून घेत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “मीच आनलेला तो गेम,” एवढंच म्हणाला. दुपार व्हायच्या आत तो हातगाडी आणि एक माणूस घेऊन आला. बाबा घासलेटची बाटली घेऊन परतले, तेव्हा कपाट गाडीवर चढलेलं होतं.

“नजीर, ह्ये काय?”

नजीर खाली बघून गाडीवरची दोरी आवळत राहिला. मीच पुढे झाले. “बाबा, मी सांगितलं त्याला. घेऊन जा म्हटलं. घरात अडचण होते.”

“अडचन?” बाबा म्हणाले.

तो शब्द त्यांनी दोनदा म्हटला. पावसात उभे होते, हातात बाटली. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी चहा नेला, घेतला नाही. त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत. आईला मात्र बरं वाटलं होतं, तिला ते डोळ्यांसमोर नकोच होतं. ती त्यांना सांगायची, “पोरीवर काय राग धरता?” ते म्हणायचे, “ती पोर नाय. दगड हाय.” माझ्या लग्नात त्यांनी सगळं रीतीने केलं, पण निघताना मी पाया पडले तेव्हा पाय मागे घेतले.

आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं, नवीन पनवेलला. तोपर्यंत ते थकले होते, दिसत कमी होतं, आणि राग धरायचं बळ राहिलं नव्हतं. माझा नवरा भला माणूस, त्याने एकदा विचारलं, तुझा बाप तुझ्याशी असा का वागतो? मी त्यालाही सांगितलं नाही. आता बाबाही नाहीत, आई नाही, नजीरही मागच्या वर्षी गेला. शपथेतलं कुणी उरलं नाही, म्हणून हे लिहितेय. माझ्या मुलांनी मला कधी विचारू नये, आजोबा तुझ्यावर का चिडायचे, म्हणूनसुद्धा.

शेवटच्या आजारात मी त्यांना पेज भरवत होते. मध्येच त्यांनी माझा हात धरला.

“रंजे, तू ते कपाट का दिलंस गो? मी चालू करनार व्हतो.”

“माहीत आहे बाबा.”

“येकदा चालू झालं असतं ना, तर त्याला कुठंतरी बरं वाटलं असतं. पुनवेआधी नाय झालं, निदान मागून तरी.”

“हो बाबा.”

“मंग कशाला दिलंस?”

खिडकीखाली रिक्षा वाजत होत्या. पेज गार होत होती. मी म्हटलं, “चुकलं माझं. लहान होते, अक्कल नव्हती.”

ते बराच वेळ बघत राहिले, म्हणजे जिथे माझा चेहरा असेल असं त्यांना वाटत होतं तिकडे. मग चाचपत हात वर आणला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. “जाऊ दे,” म्हणाले. “पोर व्हतीस. मी तुला माफ केलं.”

मी मान खाली घातली आणि ती माफी घेतली.